काकांच्या सीटची उंची

आमच्या घरमालकांनी नोएडातल्या अख्ख्या सेक्टरच्या सायकलींच्या सीटा जागेवर आणल्या, आणि त्यांची स्वतःची सीट मात्र रोज थोडी थोडी खाली घसरत होती. मला ते दिसत होतं. दिसत असून मी अख्खा पावसाळा गप्प बसले, ही माझी चूक. त्या घसरलेल्या सीटपायी त्यांचा गुडघा गेला आणि गुडघ्यापायी त्यांचं घर सुटायची वेळ आली. पण ते सांगायच्या आधी हा माणूस काय होता ते सांगायला हवं, नाहीतर सायकलच्या सीटचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल.

मी त्यांना काका म्हणायची. बाकी सगळे तोंडावर 'अंकल' म्हणत आणि पाठीमागे 'गद्दीवाले अंकल'. दिल्लीकडे सायकलच्या सीटला गद्दी म्हणतात. काकांची उभी हयात केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यात नकाशे काढण्यात गेली होती. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी यमुनेपलीकडे नोएडात घर बांधलं, तेव्हा दिल्लीतले त्यांचे सगळे स्नेही म्हणाले होते की तिकडे कोल्ह्यांच्या सोबतीला कशाला जाता. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने आलो तेव्हाही सेक्टरमध्ये तीन प्लॉटांमागे एक घर होतं. मधल्या जागेत उंच गवत आणि विटांचे ढीग. बस यायची तेव्हा यायची. मात्र देशात नव्या कंपन्यांचं वारं सुटलं होतं, पलीकडे कारखान्यांच्या शेड भराभर उभ्या राहत होत्या, आणि सकाळी साडेसातला आमच्या घरावरून सायकलींचा असा लोंढा जायचा की पाच मिनिटं रस्ता ओलांडता येत नसे.

त्याच वेळी काका फाटकात उभे असायचे. पायजमा, बंडी, थंडीत काकूंनी विणलेला तपकिरी स्वेटर, आणि उन्हाळा-हिवाळा खिशात पाना. ते येणाऱ्याच्या तोंडाकडे बघतच नसत, गुडघ्याकडे बघत. एका मजुराची सीट त्यांनी तीन वेळा बसवून दिली होती, पण तो बाजारात पायी समोर आला आणि "अंकल, नमस्ते" म्हणाला, तेव्हा काकांनी त्याला ओळखलंच नाही. मग तो दुकानापुढच्या पायरीवर बसला, त्याचे गुडघे वर आले, आणि काका एकदम म्हणाले, "अरे, तुम हो!"

"भैया, रुकना ज़रा."

"अंकल, देर हो रही है."

"दो मिनट. घुटना दुखता है ना? आगे से?"

माणूस थांबायचा, कारण गुडघा दुखत असायचाच. मग काका त्याला भिंतीला हात टेकवून सायकलवर बसवत. पेडल पार खाली न्यायचं आणि त्यावर टाच ठेवायची. टाच टेकून पाय सरळ झाला पाहिजे. टाच पोचली नाही तर सीट उंच, टाच टेकूनही गुडघा वाकलेला राहिला तर सीट बुटकी. चालवताना आपण चवड्याने पेडल मारतो, तेव्हा गुडघ्याला आपोआप थोडा बाक राहतो, आणि तेवढाच त्याला हवा असतो. त्यांचं सगळं शास्त्र एवढंच होतं. पण ते करून दाखवताना एखाद्या वैद्याने नाडी धरावी तसे ते डोळे मिटत आणि माणसाच्या गुडघ्यामागे दोन बोटं लावून बघत.

लोक त्यांना चुकवायचेही. काही जण मागच्या गल्लीने जायला लागले होते. हे काकांना कळलं तेव्हा ते आठवडाभर मागच्या गल्लीत जाऊन उभे राहिले.

काकूंना मी एकदा विचारलं, "हे असं कशामुळे? कुणाचा अपघात वगैरे झाला होता का?" मला वाटलं होतं, पोटात काहीतरी दुःख असणार. काकू वाटाणे सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "कसला अपघात? पहिल्यापासून असेच. मला बघायला आले होते तेव्हा दारात माझ्या भावाची सायकल होती. आधी तिची सीट नीट केली, मग आत आले. काळे हात घेऊन बसले होते माझ्यासमोर. माझी आई म्हणाली, मुलगा कष्टाळू दिसतोय." आणि त्या इतक्या हसल्या की वाटाणे सांडले.

एकदा मात्र मी काकांना चिडलेलं पाहिलं. एक उंच, पूर्वेकडचा मजूर रोज जायचा. त्याची सायकल त्याला लहान होती, म्हणून त्याने सीट वर ओढली होती. सीटखाली एक नळी असते आणि ती सायकलच्या उभ्या पाइपात जाते. ती चांगली चार बोटं तरी आत हवी, आणि आडवी दांडी जिथे जोडली आहे त्याच्याही खाली पोचायला हवी, हा काकांचा कायदा. या माणसाची नळी जेमतेम दोन बोटं आत होती. नळी हलू नये म्हणून त्याने भोवती जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती.

काकांनी त्याची सायकल धरली ती सोडेचनात. "इतना बाहर निकाला है, किसी दिन टूटेगा. टूट के कहाँ घुसेगा, मालूम है?"

"अंकल, छोड़िए. हाफ डे लग जाएगा."

"लगने दो."

तो माणूस खरोखर भांडायला उठला. मी वरच्या गॅलरीतून बघत होते, मला वाटलं आता हात उचलतो. तेवढ्यात काकांनी नट सैल करून नळी उपसली आणि ट्यूबची पट्टी सोडवली. नळी पाइपाच्या तोंडाशी जिथे टेकत होती तिथे केसासारखी एक चीर होती, अर्ध्या गोलाईपर्यंत गेलेली. काकांनी ती नळी नुसती त्याच्या हातात दिली. तो बघत राहिला, मग फाटकापाशी खालीच बसला. काकूंनी त्याला पाणी दिलं. काका घरातून लांब नळी घेऊन आले, तिला ग्रीस लावलं, सीट बसवली, दोन्ही हातांनी सीट धरून डावीउजवीकडे पिळून बघितली. हलली नाही. "अब जाओ," ते म्हणाले. तो माणूस पुढे कितीतरी महिने आमच्या घरावरून जाताना एक हात हँडलवरून काढून कपाळाला लावायचा, आणि काका खेकसायचे, "दोनों हाथ!"

मी स्वतः सत्ताविसाव्या वर्षी काकांमुळे सायकल शिकले. मी दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. बाबांनी रस्त्यांच्या भीतीने कधी सायकल दिली नाही. रंगीत टीव्हीचे भाग जोडणाऱ्या एका कंपनीत मी तपासणीच्या कामाला होते आणि कंपनीने अचानक व्हॅन बंद केली. तीन मैल रोज चालणार कशी? नोकरी सोडते म्हणून मी काकूंना सांगत होते, ते काकांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी दारात एक जुनी लेडीज सायकल उभी होती. सीट इतकी खाली, की मी बसले तर दोन्ही पावलं जमिनीवर सपाट.

"काका, ही तर बच्चों वाली वाटतेय."

"शिकताना माणूस बच्चाच असतो. पेडलला पाय लावायचा नाही. नुसती पावलांनी ढकलत जा."

आठ दिवस मी बदकासारखी सेक्टरभर फिरले. मग पेडल. मग एके दिवशी लक्षात आलं, थांबताना माझे आता नुसते चवडेच टेकताहेत. काका दर तिसऱ्या दिवशी सकाळी, मी उठायच्या आत, सीट थोडी थोडी वर घेत होते. मी रागावले तर म्हणाले, "सांगितलं असतं तर घाबरली असतीस. टाच ठेव बघू पेडलवर." मी म्हटलं, "एड़ी ना?" ते थबकले. "टाच. मराठीत टाच म्हणतात. आणि ही पोटरी. आता पिंडली म्हणशील." मी तेच म्हणणार होते. काकांनी मला सायकल शिकवता शिकवता गुडघ्याखालचं सगळं मराठी परत शिकवलं.

पुढे पुढे सेक्टर भरला. गवत गेलं, एसटीडीचे बूथ आले, केबल आली, मारुत्या आल्या. समोरच्या घरात गिअरची सायकल आली, जाड टायरांची. तिची सीट पान्याशिवाय, नुसती खटका दाबून वरखाली व्हायची. काका तीन दिवस त्या घरी जाऊन तो खटका उघडत-लावत बसले. शेवटी निकाल दिला, "वस्तू उत्तम आहे. पण याला पाना लागत नाही म्हणजे चोरालाही लागत नाही." पंधरा दिवसांत बाजारातून ती सीट नळीसकट चोरीला गेली. काकांना इतका आनंद झालेला मी क्वचितच पाहिला. आमची सेकंडहँड गाडी आली तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याला आत बसवून क्लच पूर्ण दाबायला लावला, गुडघा बघितला आणि सीट दोन खटके पुढे घेतली. नवरा पुटपुटला, "यार, हे गाडीतही सुटणार नाहीत." पण सीट पुन्हा मागे घेतली नाही त्याने.

काकांचा एक नियम सगळ्यांहून वेगळा होता. आपली सीट आपण लावायची नाही, दुसऱ्याने लावायची. "स्वतःचा गुडघा स्वतःला दिसत नाही," ते म्हणायचे. "बघायला वाकलात की अंग हललं आणि माप चुकलं." म्हणून त्यांची सीट काकू लावायच्या. फक्त काकू. दसऱ्याला काकांची काळी सायकल धुऊनपुसून व्हरांड्यात यायची. बाहेर सेक्टरची मुलं रावणाचे हातपाय बांधत असत आणि आत काका भिंतीला हात लावून सायकलवर नाकासमोर बघत बसलेले असत. काकू पदर खोचून खाली बसायच्या, नट सैल करायच्या, नळी साफ करून ग्रीस लावायच्या, पुन्हा बसवायच्या. काकांनी मान जरा वळवली की ओरडायच्या, "खाली बघू नका! माप मला पाठ आहे तुमचं." मग नळीवरच्या रेघेशी पाइपाचं तोंड जुळवायच्या, नट आवळायच्या, हळदकुंकू, झेंडूचा हार. मग दर महिन्याला एकदा त्या नट पुन्हा आवळून ठेवत, कारण त्याचे आटे झिजले होते. आणि काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "घर बांधल्यापासून माझी सीट एक सूतभरही हललेली नाही. त्याच रेघेवर आहे."

मग एका वर्षी थंडी संपता संपता काकू गेल्या. ताप आला, चौथ्या दिवशी गेल्या. मला त्यांची इतकी सवय झाली होती की महिनाभर मी भाजी आणली की जिन्यातूनच हाक मारायची आणि मग गप्प व्हायची.

काका रडलेले मी पाहिले नाहीत. फाटकात उभे राहणं मात्र त्यांनी बंद केलं. सायकलवरून दूध आणि भाजी आणायचे, तेवढंच. आणि ती सायकल हळूहळू बुटकी होत चालली. नट महिन्याच्या महिन्याला आवळणारं आता कुणी नव्हतं. खड्ड्यागणिक नळी आत जात होती. पावसाळा सुरू झाला तेव्हा काका पेडल मारताना गुडघे कोपरांपर्यंत वर येत होते. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे गुडघे बघितले त्यांना हे कळत नसेल? मी रोज ठरवायची की आज बोलायचं, आणि रोज जीभ रेटायची नाही. काकूंच्या कामात हात घातल्यासारखं वाटायचं.

गणपतीनंतर त्यांचा उजवा गुडघा सुजला. नवरात्रात ते पलंगावरून उठताना भिंत धरायला लागले. बंगलोरहून मुलगा आला. सॉफ्टवेअरमध्ये होता, भला माणूस. मला जिन्यात गाठून म्हणाला, "ताई, बाबांना दोन पावलं टाकवत नाहीत. इथे एकटं कसं ठेवू? तुम्हीच सांगा. तिकडे लिफ्ट आहे, डॉक्टर खाली आहे." दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची दोन तिकिटं त्याने काढली होती. खालचा मजला बंद करायचा, पुढे बघू. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं.

मी काकांकडे गेले. ते खुर्चीत बसून ट्रंकेतल्या कपड्यांकडे बघत होते. "जायचं आहे का तुम्हाला?" मी विचारलं.

"माझ्या हाताने काढलेला नकाशा आहे या घराचा," ते म्हणाले. "खिडक्या तिने सांगितल्या तिथे आहेत. जायचं कशाला असेल? पण पाय म्हणतो जा."

दसऱ्याच्या सकाळी ते एकेक पायरी धरत वर आले. हातात कॅनव्हासची पिशवी. सगळे पाने, कानस, ग्रीसचा डबा. "ठेव तुझ्याकडे," म्हणाले. "तिकडे चौथ्या मजल्यावर काय करू याचं?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. राग कुणाचा आला होता कुणास ठाऊक, बहुतेक स्वतःचा. मी ती पिशवी घेतली आणि म्हटलं, "चला खाली. सायकलवर बसा."

"कशाला?"

"सीट घसरलीय काका. चार बोटं खाली आहे. दुसऱ्या कुणाची असती तर रस्त्यात अडवून पोलिसाला बोलावलं असतंत तुम्ही."

"माझी सीट जागेवर आहे."

"जागेवर? गुडघा पुढून दुखतोय ना? आगे से? कशाने दुखतो पुढून, सांगा बरं तुम्हीच."

ते जिन्याचा कठडा धरून उभे राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "शेवटचं तिने आवळलंय ते. त्याच्यावर मी पाना कसा लावू?"

इतके महिने त्यांना सगळं कळत होतं. रोज गुडघा सोसत होते आणि तरी त्या एका नटाला हात लावत नव्हते. मी म्हटलं, "तुम्ही नकाच लावू. तुमचाच नियम आहे. मी लावते."

मग ते जिना उतरायला लागले.

व्हरांड्यात मुलाने सायकल धरली. मी नट सैल केला. सायकल महिनाभर उभी होती, नळी गंजून धरली होती. पिळून पिळून ती वर आली, आणि मी साफ करायला म्हणून पूर्ण उपसून जुन्या कापडाने पुसली. पुसताना बोटाला काहीतरी लागलं. मी उजेडात धरली. नळीवर रेघ होती ती एक नव्हती, सात होत्या. कानशीने अलगद ओढलेल्या, एकीखाली एक, दोन-दोन तीन-तीन सुतांच्या अंतराने.

मला कळायला एक क्षण लागला. सीट खाली घेतली की नळी आत जाते आणि जुनी रेघ पाइपात गडप होते. बाहेरून दिसते ती फक्त सगळ्यात वरची, सगळ्यात नवी. बाकीच्या सहा पाइपाच्या पोटात, कुणाला दिसू नयेत अशा.

काकांनी नळी माझ्या हातातून घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळ्यांजवळ नेली. सगळ्यात खालच्या रेघेवर नख ठेवलं. "ही माझी," ते म्हणाले. "घर बांधलं तेव्हाची. एवढीच मी मारली होती." मग नख एकेक रेघ वर सरकत गेलं. "ही तिची. ही तिची. ही पण."

मुलगा म्हणाला, "म्हणजे आई सीट खाली घेत होती? का?"

"कारण मी खाली येत होतो," काका म्हणाले. "वयात माणूस आखडतो. मी सगळ्यांना सांगत फिरलो हे. सहा वेळा लहान झालो आणि मला पत्ता नाही." ते हसायला लागले. "लबाड बाई. खाली बघू नका म्हणायची. लबाड." हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि बंडीच्या टोकाने डोळे पुसले, आणि मग त्यांना रडू आवरेना. मुलाने सायकल भिंतीला टेकवली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसला. काकू गेल्यावर त्या घरात पहिल्यांदाच कुणी मोठ्याने रडलं असेल.

नंतर मी नळीला ग्रीस लावलं, काकूंच्या शेवटच्या रेघेवर बसवली. काका सायकलवर बसले, टाच पेडलवर, नाकासमोर नजर. मी खाली बसून बघितलं. टाच टेकत होती, पण टेकवण्यासाठी कंबर एका बाजूला कलत होती. मला काकूंसारखं करता आलं असतं. गुपचूप दोन सूत खाली.

"खरं सांग," काका वरूनच म्हणाले. "आता लपवायला ती नाही."

"दोन सूत खाली घ्यावी लागेल, काका."

"घे. आणि रेघ मार. कानस नुसती टेकवायची, खाच पाडायची नाही. खाच पडली की नळी तिथूनच तुटते."

मी आठवी रेघ मारली. ती जरा वाकडीच आली. नट मुलाने बाजारातून नवा आणला. तिकिटांचं काय करायचं असं मी विचारलं तेव्हा तो वडिलांच्या गुडघ्याकडे बघत म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघतो." दिवाळीपर्यंत सूज उतरली. काका आधी गल्लीतल्या गल्लीत, मग दुधाच्या बूथपर्यंत जायला लागले. एका सकाळी मी कंपनीत निघाले तर ते फाटकात उभे, आणि माझ्या तोंडाकडे न बघता म्हणाले, "चवड्याने मार पेडल. टाचेने काय मारतेस?" मुलगा दर सहा महिन्यांनी यायचा, आग्रह करायचा, एकटाच परत जायचा.

पुढे आम्ही द्वारकेला फ्लॅट घेतला. दिल्लीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. पण दसऱ्याला मी नोएडाला जायचीच, आधी दोन बस बदलून, नंतर मेट्रो आल्यावर तिने. काका व्हरांड्यात सायकल धुऊन तयार ठेवायचे आणि झेंडूचा हार माझ्यासाठी ताटकळत असायचा. मी बसायची खाली, ते नाकासमोर बघायचे, आणि मी खरं तेच सांगायची. एक सूत. दोन सूत. यंदा काही नाही, म्हटलं की खूष व्हायचे आणि दोन दिवस शेजाऱ्यांना सांगत फिरायचे.

शेवटच्या दसऱ्याला गेले तेव्हा सायकल शेवटची रस्त्यावर येऊन आठ महिने झाले होते. काकांचा तोल राहत नव्हता. मुलगा आता तिथेच राहून काम करत होता, खालच्या खोलीत त्याचा कॉम्प्युटर होता. तरी सायकल धुतलेली होती, स्टँडवर उभी. मुलाने आणि मी काकांना धरून तिच्यावर बसवलं. मी पाय धरून टाच पेडलवर ठेवायला गेले. टाच पोचत नव्हती.

"किती?" काकांनी विचारलं.

"दोन बोटं," मी म्हटलं. मग न राहवून म्हटलं, "पण राहू दे ना काका. आता कुठे चालवायचीये?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, गुडघ्याकडे नाही, तोंडाकडे. "चालवायची नाही म्हणून चुकीची ठेवायची?" ते म्हणाले. "वा रे वा."

मुलाने त्यांना उतरवून खुर्चीत बसवलं. मी नट सैल केला, दोन बोटं खाली घेतली, रेघ मारली, आवळलं, दोन्ही हातांनी सीट पिळून बघितली. पुन्हा त्यांना वर बसवलं. या खेपेला टाच टेकली. काकांनी पाय जरा मागे घेतला, चवडा पेडलवर ठेवला आणि स्टँडवरच पेडल मारायला सुरुवात केली. मागचं चाक फिरायला लागलं तशी सायकल थोडी डुगडुगली, म्हणून मी मागून कॅरिअर धरून उभी राहिले. ते समोर बघत, बऱ्यापैकी जोरात, दमेपर्यंत चालवत राहिले.